आवाजाचे रिंगण

ध्वनिमुद्रण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक माईक आणि त्याच्यासमोर उभा असलेला गायक किंवा वक्ता येतो. रेडिओ, चित्रपट, कॅसेट आणि आता मोबाइल या सर्वांनी आपल्याला हीच सवय लावली आहे. या सवयीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, आवाजाला एक पुढची बाजू असते आणि ऐकण्यासारखे जे काही असते ते त्याच बाजूला असते. नाट्यगृहातील गाण्यापुरते हे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु आपल्या बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत जे गायले जाते, त्यातील फार थोड्या प्रकारांना अशी पुढची बाजू असते. हरिपाठात टाळकरी समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात, मृदंगवाला मध्ये असतो आणि पावल्या खेळता खेळता ओळी जागा बदलतात. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एकीने ओळ सुरू केली की दुसरी ती उचलते. पंचमीचा फेर तर बोलूनचालून फेरच. येथे गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हे वेगळे काढता येत नाही.

अशा चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचे मुद्रण कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे. या विद्येला जगात 'अँबिसॉनिक्स' म्हणतात. आपण तिला 'सभोवार ध्वनिमुद्रण' म्हणू. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला. लोकसाहित्याच्या अभ्यासातून मी या विषयाकडे वळलो. तेव्हा गणित टाळून, मला जसे समजले तसे ते मांडणार आहे. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

माजलगावच्या ओव्या

आपल्या जिल्ह्यातील एका महत्त्वाच्या मुद्रणापासून सुरुवात करणे योग्य होईल. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. पुढे ते महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आरंभी हे काम मुख्यतः कागदावरचे होते. बाईने म्हणावे आणि कार्यकर्त्याने लिहून घ्यावे. १९९० च्या दशकाच्या मध्यास संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने या ओव्यांचे डिजिटल मुद्रण सुरू झाले. त्यातच १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या ओव्या मुद्रित झाल्या. बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या या ओव्या आहेत. २०१७ पासून हा ठेवा 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला. ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी अवश्य ऐकावा.

कागदावरची ओवी आणि ऐकलेली ओवी यांत केवढे अंतर आहे, हे या मुद्रणांमुळे कळते. ओळीच्या शेवटची ओढ, मध्येच घेतलेला श्वास, दुसरीने उचललेला शब्द यांपैकी काहीच कागदावर उतरत नाही. वही सोडून माईक हाती घेतल्यामुळे ओवीला तिचा गळा परत मिळाला. त्यावेळच्या डिजिटल फितीवर आवाजाचे दोनच मार्ग असत, डावा आणि उजवा. गळा टिपण्यास ते पुरेसे होते. परंतु त्या गळ्याभोवतीची जागा, म्हणजे कोण कुठे बसले होते, समोरच्या बाईचा आवाज कोणत्या अंगाने आला, भिंत किती जवळ होती, हे दोन मार्गांत पूर्णपणे मावत नाही. ते का मावत नाही आणि ते मावावे म्हणून काय करावे लागते, हे आता पाहू.

एक माईक, दोन माईक

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारा चढउतार. साधा माईक हा दाब मोजतो. दाब किती हे त्याला कळते, पण तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. आपल्याला दिशा कळते, कारण आपल्याला दोन कान आहेत. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. अगदी बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्या कानापेक्षा सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग आधी पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून आणि मध्ये येणाऱ्या डोक्याच्या आडोशामुळे पडणाऱ्या लहानमोठेपणावरून मेंदू दिशा ठरवतो.

ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरात दोन मार्गांच्या ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले. आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्या अर्जात आहे. त्यातील एक कल्पना आपल्या विषयाची जननी ठरली. काही माईक असे असतात की ते दोन विरुद्ध बाजूंचे ऐकतात आणि कडांचे ऐकत नाहीत. त्यांच्या ऐकण्याची आकृती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असते. असा एक माईक डावी-उजवी दिशा धरून ठेवला, तर डावीकडचा आवाज त्यात 'अधिक' म्हणून नोंदला जातो आणि उजवीकडचा 'उणे' म्हणून. त्याच्या अगदी जवळ सर्व बाजूंचे सारखे ऐकणारा दुसरा माईक ठेवा. आता दोघांची बेरीज केली तर डावीकडचे आवाज वाढतात आणि उजवीकडचे कटतात; वजाबाकी केली तर नेमके उलट होते. म्हणजे दिशा निवडण्याचे काम मुद्रणाच्या वेळी न करता नंतर घरी बसून, साध्या बेरीज-वजाबाकीने करता येते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचा सारा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

चार तोंडांचा माईक

खळ्यावर उफणणी करण्यापूर्वी शेतकरी मूठभर माती वरून सोडून वारा कोणत्या अंगाचा आहे ते पाहतो. आवाजाच्या बाबतीतही असेच करावयाचे आहे. एका जागी दाब किती आहे हे तर मोजायचेच, शिवाय तेथील हवा पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली किती हलते हेही मोजायचे. एकूण मोजमापे चार. ही चार हाती असली म्हणजे त्या बिंदूपाशी आवाज किती आणि कोठून आला, याची प्राथमिक नोंद पूर्ण होते. एखाद्या बिंदूभोवतीच्या या साऱ्या स्थितीला 'ध्वनिक्षेत्र' म्हणतात.

हा विचार १९७० च्या दशकात ऑक्सफर्डचा तरुण गणिती मायकेल गर्झन याने पूर्णत्वास नेला. रीडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर फेलगेट यांनीही या कामात मोठा वाटा उचलला. गर्झन आणि त्याचा मित्र पीटर क्रेवन यांनी जो माईक कल्पिला, त्यात चार लहान माईक एकमेकांना पाठ लावून बसवलेले असतात. एक पुढे-डावीकडे-वर पाहतो, दुसरा पुढे-उजवीकडे-खाली, तिसरा मागे-डावीकडे-खाली आणि चौथा मागे-उजवीकडे-वर. चारही आवाजांची बेरीज केली की एकूण दाब मिळतो. पुढच्या दोघांच्या बेरजेतून मागच्या दोघांची बेरीज वजा केली की पुढे-मागेची नोंद मिळते. डाव्या दोघांतून उजवे दोघे आणि वरच्या दोघांतून खालचे दोघे वजा केले की उरलेल्या दोन नोंदी मिळतात. कॅलरेक या इंग्रज कंपनीने १९७८ साली हा माईक 'साउंडफील्ड' या नावाने बाजारात आणला.

या विद्येला त्या काळी व्यापारी यश मिळाले नाही. घराघरांत चार-सहा स्पीकर कोण लावणार? गर्झन १९९६ साली, वयाच्या पन्नाशीतच वारला. परंतु पुढे संगणक स्वस्त झाले, डोके वळवले की दृश्य वळणारे चष्मे आले, आणि त्यांच्याबरोबर तसाच वळणारा आवाज हवा झाला. तेव्हा हे जुने गणित आयतेच तयार सापडले. आज चार तोंडांची लहान मुद्रणयंत्रे काही दहा हजार रुपयांत मिळतात.

पुण्यात ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या एका मित्राने असे यंत्र आमच्या गावच्या सप्ताहात आणले होते. हरिपाठाच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये, मृदंगापासून चार हात दूर, काठीवर ते उभे केले. आमच्या गावच्या सप्ताहाचे मुद्रण दरवर्षी होते, पण ते मंडपाच्या मिक्सरमधून. त्यात ज्यांच्यापुढे माईक आहे ते महाराज आणि मृदंग तेवढे येतात. टाळकऱ्यांच्या ओळी लांबून आल्यासारख्या वाटतात, आणि 'विठ्ठल विठ्ठल' म्हणणारा मंडप तर जवळजवळ नसतोच. मित्राने घेतलेले मुद्रण हेडफोन लावून ऐकले तेव्हा प्रथमच दोन्ही ओळी दोन बाजूंना ऐकू आल्या. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायांचा किंचित उशिरा येणारा सूर मागूनच आला. मात्र एक उणीव जाणवली. उजवी ओळ उजवीकडे आहे हे कळे. पण त्या ओळीतला पहिला टाळकरी कोणता आणि पाचवा कोणता, हे काही केल्या वेगळे होईना. सगळी ओळ एका ढगासारखी ऐकू येई. हा दोष यंत्राच्या बनावटीचा नव्हे. चार नोंदींत याहून अधिक तपशील मावतच नाही.

ठिपक्यांची रांगोळी

येथून 'उच्च श्रेणी'च्या सभोवार मुद्रणाचा प्रांत सुरू होतो. ठिपक्यांच्या रांगोळीचा दृष्टांत घेऊ. दोन ओळी, दोन ठिपके असे चार ठिपके दिले तर त्यांतून चौकोन निघेल, फार तर फुली निघेल. तीन गुणिले तीन म्हणजे नऊ ठिपक्यांत फूल निघते. चार गुणिले चार म्हणजे सोळांत वेल आणि पाच गुणिले पाच म्हणजे पंचवीस ठिपक्यांत कमळ निघते. ध्वनिक्षेत्राचा हिशेब अगदी याच आकड्यांनी चालतो. पहिल्या श्रेणीला ४ नोंदी लागतात, दुसरीला ९, तिसरीला १६ आणि चौथीला २५. श्रेणीत एक मिळवून वर्ग केला की नोंदींची संख्या मिळते. दर श्रेणीगणिक दिशांचे चित्र बारीक होत जाते.

याचा प्रत्यक्ष फायदा दोन प्रकारे होतो. पहिला ऐकण्यात. श्रोत्याच्या डोक्याएवढ्या जागेत मूळ ध्वनिक्षेत्र जसेच्या तसे उभे करायचे झाले, तर पहिल्या श्रेणीत ते सेकंदाला सुमारे ६०० कंपनांपर्यंतच साधते. चौथ्या श्रेणीत सुमारे २,४०० पर्यंत. गाणाऱ्या स्त्रीच्या आवाजाचा मूळ सूर पहिल्या मर्यादेत बहुधा बसतो, परंतु शब्द स्पष्ट करणारी बरीच कंपने त्याच्या वर असतात. टाळांचा किणकिणाट तर दोन्ही मर्यादांच्या पुष्कळ वर असतो. तेथे दिशा कळते ती दोन कानांतील लहानमोठेपणावरून, आणि श्रेणी जितकी वरची तितकी ही खूणही ठळक होते.

दुसरा फायदा निवडण्यात. ब्लमलाइनची बेरीज-वजाबाकी येथे पुन्हा कामाला येते. नोंदींची योग्य मिळवणी करून, मुद्रण झाल्यावर आपण हव्या त्या दिशेला जणू एक काल्पनिक माईक रोखू शकतो. चहूबाजूंनी सारखाच गोंगाट येत असेल, तर पहिल्या श्रेणीचा असा माईक त्यातील कमीत कमी चौथा हिस्सा तरी आत घेतोच. चौथ्या श्रेणीत हा हिस्सा पंचविसाव्यापर्यंत खाली आणता येतो. जात्याच्या बाबतीत याचे महत्त्व सहज ध्यानात येईल. जात्याची घरघर ओव्यांवर पडते, म्हणून जाते थांबवून ओव्या म्हणावयास लावणे हा सोपा मार्ग आहे. पण तसे केले की दळण्याच्या लयीवर बांधलेली ओवी त्या लयीपासून तुटते. उच्च श्रेणीत जाते चालू ठेवता येते. ऐकणाऱ्याला शब्द हवे असतील तर त्याने बाईच्या दिशेला वळावे, लय हवी असेल तर जात्याकडे वळावे. मुद्रण एकच राहते.

गोळा आणि त्याच्या मर्यादा

इतक्या नोंदी घ्यायच्या कशा? एका बिंदूवर पंचवीस माईक बसणे शक्य नाही. म्हणून एक कठीण गोळा घेऊन त्याच्या पृष्ठभागावर सर्व बाजूंनी लहान माईक बसवतात. गॅरी एल्को आणि येन्स मेयर या संशोधकांच्या कामातून अमेरिकेत 'आयगनमाईक' निघाला. ८.४ सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे मोसंबीएवढ्या गोळ्यावर ३२ माईक, आणि त्यातून चौथी श्रेणी. पोलंडच्या झायलिया कंपनीचा १९ माईकांचा गोळा तिसरी श्रेणी देतो.

या गोळ्यापुढे निसर्गाने दोन अडचणी ठेवल्या आहेत. पहिली खर्जाची. सेकंदाला १०० कंपने असलेल्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. मोसंबीएवढ्या गोळ्याच्या दोन टोकांना त्या लाटेतला फरक नगण्य असतो. पहिली श्रेणी हा फरक मोजते; दुसरी श्रेणी फरकातला फरक, तिसरी त्याच्याही पुढचा. हे सूक्ष्म आकडे वाढवायला जावे तर माईकची स्वतःची खरखरही तितकीच वाढते. म्हणून खर्जात वरच्या श्रेण्या सोडून द्याव्या लागतात. मृदंगाच्या धुमेला यामुळे फारशी बारीक दिशा मिळत नाही. दुसरी अडचण तारस्वराची. लाट दोन शेजारच्या माईकांमधील अंतराच्या मानाने आखूड झाली की गोळा गोंधळतो आणि खोट्या दिशा दाखवू लागतो. गोळा मोठा केला तर खर्ज सुधारतो पण तारस्वर बिघडतो. लहान केला तर उलटे होते. माईक वाढवावेत तर किंमत वाढते, आणि चांगल्या गोळ्याची किंमत आजही लाखांच्या घरात आहे.

तिसरी मर्यादा गणिताची नाही, साध्या समजुतीची आहे. गोळा एकाच जागेवरून ऐकतो. काल्पनिक माईक कोणत्याही दिशेला वळवता येतो, पण गाणाऱ्याजवळ नेता येत नाही. म्हणून यंत्र कितीही उत्तम असले तरी ते कोठे ठेवावे हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि तो गाणे समजल्याखेरीज घेता येत नाही. हरिपाठाच्या दोन ओळींत मध्ये, जात्यावर दोघींच्या तोंडाच्या उंचीवर पण हातांच्या फेऱ्याबाहेर, फेरात मधोमध. येथे लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याचे काम अभियंत्यापेक्षा कमी नाही.

जागेचाही आवाज असतो

याच यंत्राने वास्तूचा स्वभावही टिपता येतो. एखाद्या मंदिरात फुगा फोडून किंवा खर्जापासून तारापर्यंत सरकत जाणारा सूर वाजवून, दगडांनी परत दिलेला नाद मुद्रित करतात. पॅरिसच्या नोत्र दाम या प्राचीन चर्चच्या नादाची अशी मोजणी २०१३ साली झाली होती. १५ एप्रिल २०१९ रोजी त्या इमारतीला आग लागून छप्पर जळाले, तेव्हा तिचा पूर्वीचा नाद कसा होता याची नोंद या मोजणीमुळे हाती होती. आपल्याकडे बीडचे पाण्यात उभे असलेले कंकालेश्वर आहे, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी आहेत. त्यांची छायाचित्रे पुष्कळ निघतात. त्यांचा नादही तसाच जपण्याजोगा आहे, आणि त्यासाठी आग लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपण काय करू शकतो

लाखांचा गोळा महाविद्यालयाला परवडणार नाही, हे उघड आहे. चार तोंडांच्या यंत्रावर मात्र पुष्कळ काम होण्यासारखे आहे. तेही नसेल तर दोन साधे माईक १७ सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांपासून ११० अंशांत वळवून लावावेत; फ्रेंच रेडिओची ही जुनी रीत स्टिरिओपुरती आजही उत्तम आहे. यंत्र कोणतेही असो, काही पथ्ये पाळावीत. माईकवर लोकरीचे टोपडे हवेच, नाहीतर मोकळ्या रानातला वारा सगळे गिळतो. पंखे आणि बोअरची मोटर थोडा वेळ बंद करावयास सांगावे. 'पुढे' म्हणजे कोणती दिशा, हे आरंभी बोलून नोंदवावे आणि चारही बाजूंनी एकेक टाळी वाजवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माईकांचे मूळ आवाज, मिळवणी न करता, जसेच्या तसे जपावेत. मिळवणीच्या रीती सुधारत जातात; मूळ नोंद असेल तर उद्याचा अभ्यासक तिच्यातून अधिक काढील.

काळवेळही पाहावी लागते. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड करणारी हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मधल्या महिन्यांत कित्येक गावांत फेर धरायला बायाच नसतात. अर्धा फेर मुद्रित करून तो गावाचा फेर म्हणून ठेवणे योग्य नव्हे.

शेवटची गोष्ट परवानगीची. साध्या माईकला पाठ असते. त्याच्या मागे उभे राहून माणूस मोकळेपणी बोलू शकतो. या यंत्राला पाठ नाही. दोन ओव्यांच्या मध्ये शेजारणीच्या कानात सांगितलेले सासरचे दुःखही ते तितक्याच निष्ठेने टिपते. म्हणून मुद्रणापूर्वी बायांना हे स्पष्ट सांगावे, नंतर त्यांना ऐकवावे आणि त्या म्हणतील तो भाग काढून टाकावा.

ज्यांना जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत, त्या स्त्रिया आता बहुधा सत्तरीच्या पुढच्या आहेत. बहुतेक घरांतली जाती अंगणात पालथी पडली आहेत. माजलगावच्या मुद्रणाने त्यांचा गळा जपला. त्या एकट्या गात नव्हत्या, समोर कोणीतरी बसले होते आणि भोवती ऐकणारी माणसे होती, हेही पुढच्या पिढीला ऐकू यावे असे वाटत असेल, तर यंत्र घेऊन रिंगणाच्या आत जाऊन उभे राहिले पाहिजे. आपल्या महाविद्यालयाच्या मराठी आणि संगीत विभागांनी मिळून येत्या पाडव्यानंतर एका गावापासून हे काम सुरू करावे, असे मी सुचवतो. माझे गाव आणि माझी सुट्टी या कामासाठी हजर आहे.